एक तुटक रेघ

माझे वडील, नाना, भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. गावोगावची माणसं त्यांना ‘मोजणीचे साहेब’ म्हणत, आणि हे साहेब सायकलवरून येत. काळी, चोवीस इंची सायकल, मागे दणकट कॅरिअर. कॅरिअरवर गोणपाटाच्या पिशवीत साखळी, हँडलला जेवणाचा डबा, आणि दांडीला सुतळीने बांधलेलं पत्र्याचं लांब नळकांडं. त्या नळकांड्यात गाव नकाशाची नक्कल असे. पुणे जिल्ह्यातल्या हवेली, मुळशी, खेड या तीन तालुक्यांत त्यांची निम्मी नोकरी झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत कधी कधी ते मला बरोबर न्यायचे. मग नळकांडं सुटून माझ्या मांडीवर यायचं आणि दांडीवर टॉवेलची घडी घालून मी बसायचो.

साखळीचा हिशेब मी शाळेच्या आधी तिथे शिकलो. एक साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढी जागा म्हणजे एक गुंठा. बांधावर बसून नाना नकाशा उलगडायचे, चारी कोपऱ्यांवर ढेकळं ठेवायचे आणि बोटाने दाखवायचे. ही शीव, हा ओढा, ही विहीर. या दोन तुटक रेघा शेजारी शेजारी चालल्यात ना, ती गाडीवाट. आणि ही एकटी तुटक रेघ जाते ती पायवाट.

“ही किती रुंद?” मी विचारलं होतं.

“चार आणे,” नाना म्हणाले. “पाव साखळी. सव्वाआठ फूट.”

तेव्हा मला ते फक्त पाठ करायचं वाटलं. आज मी त्या सव्वाआठ फुटांपाशी पुन्हा पुन्हा येऊन थांबतो. सव्वाआठ फूट म्हणजे अडीच मीटर. मोटार गावात यायच्या कितीतरी आधी, दोन गावांमधल्या नुसत्या चालत्या माणसासाठी सरकारी नकाशाने अडीच मीटर जागा मानली होती. डोक्यावर भारा घेतलेल्या दोन बाया समोरासमोर आल्या तर एकीला बांधावर चढावं लागू नये, एवढी ती जागा. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ साली पादचाऱ्यांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे. ती सुद्धा मिळाली तर मी हात जोडेन.

आम्ही आता राहतो ते गाव शहराच्या वेशीवर आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत इथे ज्वारी आणि फ्लॉवर होत असे. आता बारा-बारा मजली इमारती आहेत. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. रोज संध्याकाळी विठ्ठल मंदिरात हरिपाठाला जायची. घरापासून मंदिर जेमतेम अर्धा किलोमीटर. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात, परतताना फुटपाथवरून उतरत असताना तिचा तोल गेला आणि उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर होतं. मनगट जुळलं, पण हरिपाठ सुटला तो सुटलाच. “पायांना काही झालेलं नाही रे माझ्या,” ती म्हणाली, “त्या कडेची भीती बसलीय.”

मी घरातला टेप घेऊन गेलो. तो फुटपाथ रस्त्यापासून २७ सेंटिमीटर उंच होता. मघाच्याच मार्गदर्शक तत्त्वांत कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी असं म्हटलं आहे. वर पेव्हर ब्लॉक डगमगत होते, पुढे वीस पावलांवर विजेच्या डीपीचा डबा उभा होता, त्यामुळे माणसाला तिथे उतरावंच लागे. उतरायचं, डब्याला वळसा घालायचा, पुन्हा चढायचं. दुखऱ्या गुडघ्यांना हे किती महाग पडतं ते मी आईच्या जागी उभा राहून, तिच्याएवढं पाऊल टाकून पाहिलं. त्या २७ सेंटिमीटरवर माझा पाय सहज चढला. माझ्या आईचा चढत नाही. आणि फुटपाथ तिच्यासाठी बांधला होता.

मग अर्ज घेऊन तीन दारं फिरलो. एका ठिकाणी कळलं की रस्ता आमचा, पण त्याच्या कडेचं काम आमचं नाही. दुसरीकडे सांगितलं की तो तुकडा आमच्या हद्दीत येतच नाही. तिसऱ्या दाराने अर्ज ठेवून घेतला आणि पोच दिली. तिन्ही ठिकाणी माणसं नीट बोलली, एकाने तर खुर्ची दिली, पाणी दिलं. मी कुणावर रागावून हे लिहीत नाही. मला तो ‘हद्द’ शब्द सोडवत नाही, म्हणून लिहितो आहे. नानांचं सगळं आयुष्य हद्दी कायम करण्यात गेलं. पण त्यांच्या नकाशात पायवाट शिवेपाशी येऊन थांबत नसे. एका गावाच्या नकाशात ती जिथे कडेला लागे, तिथेच शेजारच्या गावाच्या नकाशात ती सुरू होई. दोन कागद शेजारी ठेवले की रेघ जुळायची. न जुळली तर नाना पुन्हा मोजायला जायचे.

पुण्याच्या आसपास आज एका माणसाने सकाळी घरून निघून कामावर पायी किंवा सायकलने जायचं ठरवलं, तर त्याच्या चाकाखालून किती मालक जातात ते पाहावं. ग्रामपंचायतीचा रस्ता, जिल्हा परिषदेचा रस्ता, सार्वजनिक बांधकाम खात्याचा रस्ता, राष्ट्रीय महामार्ग, एमआयडीसीचा अंतर्गत रस्ता, पुढे कॅन्टोन्मेंट, मग महापालिका, नदी ओलांडली की दुसरी महापालिका. मोटारीला हे मालक बदललेले कळत नाहीत, कारण डांबर सगळीकडे असतं. चालणाऱ्याला मात्र प्रत्येक हद्द पायाला लागते. फुटपाथ संपतो, खडी सुरू होते, दुभाजकातली फट बुजवलेली असते, पुलावर कठडा आणि गाड्या यांच्यामध्ये एक वीत उरते.

पुण्यात या विषयावर काही झालंच नाही, असं म्हणणं खोटं होईल. महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारलं. २०१७ च्या डिसेंबरात सायकलींचा सर्वंकष आराखडा मंजूर झाला, सुमारे ८२४ किलोमीटर मार्गांचा. जंगली महाराज रस्त्याचा फुटपाथ रुंद झाला, तिथे म्हातारी माणसं बाकांवर बसलेली दिसतात, लहान मुलं खेळतात. मी मुद्दाम आईला रिक्षाने तिथे नेऊन फिरवून आणलं आहे. २०२१ च्या ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग दिवसभर गाड्यांसाठी बंद ठेवून पादचारी दिन पाळला. गर्दीत अंग चोरून न चालता लक्ष्मी रस्त्यावर मधोमध उभं राहून वर जुन्या वाड्यांच्या खिडक्यांकडे पाहता येतं, हे मला त्या दिवशी पन्नाशी उलटल्यावर कळलं.

पण हे आराखडे शहराचे. शहर मात्र त्यांच्या आत राहत नाही. २०१७ मध्ये ११ गावं पुणे महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी २३. त्याच्या बाहेर पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, सहा हजारांहून अधिक चौरस किलोमीटरचा प्रदेश, त्यात शेकडो गावं. रोज पहाटे कामाला निघणारी माणसं प्रामुख्याने तिथली. सायकल त्यांना लागते, कारण दुचाकी परवडत नाही आणि बस पाळीच्या वेळेला नसते. ज्या आराखड्यात ती माणसं येतील तो शहराचा नसून प्रदेशाचा असायला हवा.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. प्रादेशिक योजनेत काय काय असावं हे त्याच्या कलम १४ मध्ये दिलं आहे. दळणवळणाच्या ओळीत रस्ते, महामार्ग, रेल्वे, जलमार्ग, कालवे, विमानतळ अशी नावं आहेत. रस्त्यात पायवाट येते असं म्हणता येईल. कायद्याचा अर्थ तसा लावायला कुणी अडवलेलं नाही. तरी ती ओळ वाचताना वाटलं, त्या काळी जिल्ह्यातली बहुतेक माणसं पायीच हिंडत होती, नानांसारखे सरकारी नोकर सायकलवर होते, आणि कालव्याचं नाव घ्यायला सुचलं तिथे पायवाटेचं सुचलं नाही. कदाचित ती इतकी होती की ती नाहीशी होईल असं कुणाच्या मनातच आलं नसेल.

चाकणच्या बाजूला माझं एका कामासाठी वर्षभर जाणं-येणं होतं. तिथे रात्रपाळीला निघालेला एक मुलगा ओळखीचा झाला. मूळचा मराठवाड्यातला, चौघांत मिळून एका गावात खोली घेतलेली, कारखाना सात किलोमीटरवर. सायकल सेकंडहँड. तिच्या मागच्या मडगार्डवर, चेनकव्हरवर, पेडलच्या कडांवर त्याने लाल आणि पिवळं रेडियम चिकटवलं होतं. आपल्या पाठीच्या सॅकवरही दोन पट्ट्या शिवून घेतल्या होत्या. टपरीवर चहा पिताना मी विचारलं, रोज चौदा किलोमीटर, पाय दुखत असतील.

“पाय नाय दुखत काका,” तो म्हणाला. “मागं बघून बघून मान दुखती.”

कंटेनर मागून येतो तेव्हा त्याचा हॉर्न ऐकून डाव्या अंगाला खडीत उतरायचं, तो गेला की पुन्हा डांबरावर चढायचं. खडीत चाक फसलं तर उतरून ढकलायची. एका खेपेत असं किती वेळा होतं ते त्याने मोजलेलं नव्हतं. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत ३२,८२५ पादचारी मेले, असं केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. दिवसाला नव्वद. सायकलस्वारांचा आकडा त्यात नाही, तो वेगळा मोजतात. मला तो अहवाल वाचताना त्या मुलाच्या सॅकवरच्या पट्ट्याच दिसत राहिल्या. आईने शर्टाला बटण शिवावं तशा त्या त्याने दुहेरी दोऱ्याने शिवून घेतल्या होत्या.

त्याचा आराखडा कुणाकडे असेल? त्याच्या सात किलोमीटरांपैकी दोन गावात, तीन महामार्गाच्या कडेने, दोन औद्योगिक क्षेत्रात. तिघांपैकी एकाने आपापल्या तुकड्यात उत्तम सायकल मार्ग केला, तरी मुलगा उरलेल्या तुकड्यात मान वळवतच राहणार. पाण्याची पाइपलाइन आपण अशी टाकत नाही. हद्द आली म्हणून नळ तोडून पलीकडे पुन्हा जोडा, असं म्हणत नाही.

हद्दी ओलांडून काम होतं, याचं परदेशातलं उदाहरण कोपनहेगनच्या परिसराचं आहे. तिथल्या नगरपालिका २००९ पासून एकत्र बसल्या आणि उपनगरांतून शहरात येणारे लांब पल्ल्याचे सायकल मार्ग आखू लागल्या. पहिला मार्ग २०१२ मध्ये अल्बर्ट्सलुंडहून कोपनहेगनपर्यंत खुला झाला, वाटेतल्या नगरपालिकांच्या हद्दी ओलांडत. खुणा एकच, रंग एकच, देखभालीची अट एकच. हे मी वाचलेलं आहे, पाहिलेलं नाही, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

पाहिलेलं सांगायचं तर आमच्याच दिवे घाटाचं सांगतो. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते त्या दिवशी मी आठ वर्षं चालतो आहे. एकादशीचा उपास, पुण्यापासून घाटमाथ्यापर्यंत माणसांची एकच ओळ, आणि त्या दिवसापुरता सगळा रस्ता पायांचा. आळंदी ते पंढरपूर हा अडीचशे किलोमीटरांचा प्रवास पुणे, सातारा, सोलापूर अशा तीन जिल्ह्यांतून होतो. कुठे पाण्याचे टँकर, कुठे मुक्काम, कुठल्या फाट्यावर वाहतूक वळवायची, हे सगळं तीन जिल्ह्यांचं प्रशासन मिळून ठरवतं आणि दरवर्षी पार पाडतं. चालणाऱ्यांसाठी प्रदेश म्हणून विचार करणं आपल्याला येतं, याचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही.

आणि आता तर ते कागदावरही आलं आहे. ८ नोव्हेंबर २०२१ ला पंढरपुरात पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसली, ज्ञानेश्वर महाराजांचा मार्ग आणि तुकाराम महाराजांचा मार्ग, दोन्ही राष्ट्रीय महामार्ग. त्या आराखड्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या नकाशात चालणाऱ्याची रेघ! नाना असते तर त्यांनी चष्मा पुसून ती पाहिली असती. माझं म्हणणं एवढंच आहे की ती वाट वर्षाचे उरलेले दिवसही वाटच राहावी. पालखी पुढे गेल्यावर त्याच वाटेवरून शाळकरी पोरं जातील, कांदा घेऊन सायकलवाला बाजारात जाईल, बाळंतपणाला आलेली लेक उपकेंद्रात जाईल. तिथे हातगाडी लागली, मुरूम पडला, ढाब्याची पार्किंग झाली, तर पुढच्या आषाढात ती वाट पुन्हा मोकळी करायला जेसीबी आणावा लागेल. आणि जो रिंगरोड पुण्याभोवती होतो आहे, ११० मीटर रुंदीचा, त्यानेही जिथे जिथे गावाची वाट कापली तिथे खालून माणसाला जायला जागा ठेवावी. ओढ्याला ठेवतात तशी.

नव्याने सगळं शोधायची गरज नाही, हे मला नानांच्या नळकांड्यामुळे कळतं. प्रत्येक गावाच्या नकाशात त्या वाटा अजून आहेत. शिवरस्ते, पाणंदी, गाडीवाटा, पायवाटा. गावापासून शाळेकडे, ओढ्याच्या उताराकडे, शेजारच्या गावाच्या देवळाकडे. पिढ्यान् पिढ्या पायांनी निवडलेला सगळ्यांत जवळचा आणि कमी चढाचा मार्ग. जोवर शेती असते तोवर त्यांना वाली असतो. वाट अडवली तर शेतकरी तहसीलदाराकडे दाद मागतो, १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा त्याच्या बाजूने असतो. पाणंदींसाठी राज्याने २०२१ मध्ये ‘मातोश्री ग्रामसमृद्धी’ नावाची योजनाही काढली. पण शेत बिगरशेती झालं, प्लॉट पडले, की त्या वाटेचा धनी जातो. नव्या लेआउटमध्ये नऊ मीटरचा, बारा मीटरचा गाड्यांचा रस्ता येतो आणि ती तुटक रेघ कुणीही न पुसता पुसली जाते. प्रदेशाचा आराखडा करणाऱ्यांनी पहिल्या दिवशी कोरा कागद न घेता हे शेकडो गाव नकाशे एकमेकांना जोडून पसरावेत, ढेकळं ठेवून, आणि आधी त्या एकेरी रेघा गिरवाव्यात, एवढी माझी मागणी आहे. मग महामार्ग आखावेत. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या पीठाने अडथळ्याविना फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्कातलाच, हक्क असल्याचं म्हटलं. हक्क आहे तर त्याला जागा लागते, आणि जागा नकाशात लागते.

गेल्या माघात मी आमच्या गावाच्या नकाशाची नक्कल रीतसर पैसे भरून काढली. आमच्या वस्तीपासून शेजारच्या गावातल्या शाळेपर्यंत एक एकेरी तुटक रेघ जाते. नकाशावर ती सव्वा किलोमीटर भरते. आज रिक्षा त्या शाळेला साडेतीन किलोमीटर फिरून जाते, आणि तेही हमरस्ता ओलांडून.

एका शनिवारी सकाळची शाळा होती, तेव्हा मी कागद हातात घेऊन निघालो. पहिली चारशे पावलं वाट होती. घाणेरीची झुडपं, एका बाजूला जुनी विहीर, नकाशात ती जिथे गोल करून दाखवलेली आहे तिथेच. मग शिवेवरचा दगड, अर्धा मातीत गेलेला, त्यावर कुणीतरी शेंदूर लावलेला. तिथून पुढे निळ्या पत्र्यांचं कंपाउंड. आत बांधकाम थांबलेलं, सळया गंजलेल्या. मला वाटलं, रेघ इथे संपली.

पण कंपाउंडपर्यंत पायवाट मळलेली होती. दोन पत्र्यांच्या सांध्यावरचे स्क्रू काढलेले होते आणि पत्रा बाहेरच्या बाजूला वाकवून त्याची कड कापू नये म्हणून जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा चिरून तिच्यावर बसवला होता. फट मी टेपने मोजली. दोन फुटांना पाऊण इंच जास्त. नानांच्या हिशेबाने एक आणा.

मी बाजूला उभा होतो तेवढ्यात चार मुली आल्या. पाचवी-सहावीतल्या असाव्यात, निळे फ्रॉक, तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या. मला पाहून जरा थांबल्या.

“काका, हे बंद करणार का?” एकीने विचारलं. माझ्या हातात टेप आणि नकाशा होता.

“नाही गं,” मी म्हणालो. “मी नुसतं मोजतोय.”

तिने दप्तर काढलं, आधी ते आत सरकवलं, मग आडवी होऊन स्वतः गेली. बाकीच्या तिघी तशाच गेल्या. शेवटचीने आतून हात बाहेर काढून पत्रा ओढून घेतला, आणि मग पत्र्यापलीकडून, शाळेच्या दिशेने, त्यांच्या पळण्याचा आवाज येत राहिला.